शांत पाणी नावाचे गाव

आपल्याकडे पाऊस म्हटला की मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. थंडीत पडतो तो मावठा. त्याचे आयुष्य दोन-चार सरींचे. गव्हाला बरा, आंब्याच्या मोहराला वाईट, एवढे बोलून आपण त्याची बोळवण करतो. पण पृथ्वीच्या पाठीवर असाही एक मुलूख आहे, की जिथला जवळजवळ सगळा पाऊस थंडीतच पडतो. उन्हाळा तिथे कोरडा ठणठणीत, आणि दिवाळीनंतर कुठे आभाळ भरून यायला लागते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा कॅलिफोर्निया हा तो मुलूख. सीमाभागातल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे नोकरीला आहेत. माझ्या शाळेतून बाहेर पडलेलेही काही आहेत. त्यांच्या आईवडिलांना सॅन होजे आणि सॅक्रामेंटो ही नावे आता निपाणी-खानापूरइतकी परिचयाची झाली आहेत. त्या मुलखाच्या इतिहासातली एका हिवाळ्याची हकीकत मला या अंकात सांगायची आहे. तो हिवाळा १८६१-६२ चा.

मी इतिहासाचा शिक्षक. पावसाचे शास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु या हकिकतीत पावसाइतकाच भाषेचा आणि स्मरणाचा प्रश्न गुंतलेला आहे, आणि तो दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या जवळचा आहे.

प्रथम तिथला पाऊस येतो कसा, ते पाहू. प्रशांत महासागराच्या उष्ण भागातून बाष्पाचे लांबच लांब, अरुंद पट्टे निघतात आणि वाऱ्याबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्यावर येऊन धडकतात. रुंदी चार-पाचशे किलोमीटर, लांबी दोन हजार किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील झू आणि न्यूवेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात त्यांना 'वातावरणीय नद्या' असे नाव दिले. नाव अगदी नेमके आहे. अशा एका सर्वसाधारण पट्ट्यातून वाहणारे बाष्प मिसिसिपी नदीच्या मुखाशी वाहणाऱ्या पाण्याच्या तोडीचे असते. हा पट्टा सिएरा नेवाडा पर्वताला अडला की वर चढतो, थंडावतो आणि रिता होतो. पश्चिम किनाऱ्यावर वर्षभरात जे पाणी पडते त्यातले तीस ते पन्नास टक्के या मोजक्या वादळांचे. दोन-चार चांगली आली तर वर्ष पिकले. एखाद-दुसरेच आले तर दुष्काळ. आणि एकामागून एक येतच राहिली, तर काय होते ते १८६२ ने दाखवले.

त्या वेळचा कॅलिफोर्निया डोळ्यांपुढे आणायला हवा. तिथे तीन काळांचे लोक एकमेकांशेजारी राहत होते. पहिले आदिवासी, हजारो वर्षांचे रहिवासी. दुसरे स्पॅनिश भाषिक. १७६९ पासून स्पेनच्या मिशनऱ्यांनी आणि शिपायांनी वसाहती घातल्या, १८२१ नंतर तो प्रांत स्वतंत्र मेक्सिकोकडे आला, आणि गुरांचे मोठमोठे 'रांचो' उभे राहिले. तिसरे इंग्रजी बोलणारे. २ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहाने हा सगळा मुलूख अमेरिकेकडे गेला. त्याआधी नऊच दिवस, २४ जानेवारीला, तिथे सोने सापडले होते. त्याची बातमी जगभर पसरली आणि लोंढे सुरू झाले. १८६० च्या शिरगणतीत राज्याची लोकसंख्या सुमारे ३ लक्ष ८० हजार भरली. त्यांतले बहुतेक गेल्या दहा-बारा वर्षांत आलेले होते. एका पिढीच्या आत सरकार बदलले, कायदा बदलला आणि दप्तराची भाषा बदलली.

नव्या लोकांनी गावे वसवली ती व्यापाराच्या सोयीने. सॅक्रामेंटो हे शहर सॅक्रामेंटो आणि अमेरिकन या दोन नद्यांच्या संगमावर, अगदी सखल जागेत उभे राहिले. जहाजे दारात लागत, तिथून खाणींकडे माल जाई. जानेवारी १८५० मध्येच शहर पाण्याखाली गेले. लोकांनी बांध घातले आणि पुन्हा तिथेच घरे बांधली. वर डोंगरात सोन्यासाठी पाण्याचे जोरदार फवारे मारून टेकड्याच्या टेकड्या फोडल्या जात होत्या. त्यांचा गाळ नद्यांत उतरून पात्रे उथळ होत होती. १८८४ मध्ये न्यायालयाने हा प्रकार बंद पाडला, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

नोव्हेंबर १८६१ मध्ये सिएरात भरपूर बर्फ पडले. डिसेंबरात उबदार वादळे सुरू झाली. वरून पाऊस आणि खालून वितळणारे बर्फ, असे दुहेरी पाणी नद्यांना आले. ९ डिसेंबरला सॅक्रामेंटोचा अमेरिकन नदीकडचा बांध फुटला. पाणी शहरात शिरले खरे, पण बाहेर जायला वाट मिळेना, कारण दुसऱ्या बाजूचा बांध शाबूत होता. ज्याने पाणी अडवायचे त्यानेच ते कोंडून धरले. शेवटी बेड्या घातलेल्या कैद्यांची टोळी पाठवून तो बांध फोडण्यात आला, तेव्हा निघालेल्या ओढीत काही घरे जोत्यापासून उखडून वाहून गेली.

ही नुसती सुरुवात होती. नाताळानंतर वादळांची रांगच लागली. १० जानेवारी १८६२ हा नव्या गव्हर्नरच्या शपथविधीचा दिवस. गव्हर्नर होते लीलँड स्टॅनफर्ड. पुढे त्यांनीच स्थापन केलेल्या विद्यापीठाचे नाव आपल्या इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. हे गृहस्थ त्या दिवशी घरून होडीत बसून समारंभाला गेले. पाणी ओसरेना, म्हणून जानेवारीच्या अखेरीस विधिमंडळाने राजधानी सोडली आणि सॅन फ्रान्सिस्कोत बिऱ्हाड केले.

सॅन फ्रान्सिस्कोत त्या एका जानेवारीत २४.३६ इंच पाऊस पडला आणि संपूर्ण मोसमात ४९.२७ इंच. खानापूर-चंदगडकडच्या वाचकाला पन्नास इंच ऐकून हसू येईल. आपल्याकडे एवढा पाऊस आषाढातच होऊन जातो. परंतु तिथली सरासरी याच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय पाऊस किती पडला यापेक्षा तो पडण्यासाठी जमीन, नदी आणि माणूस किती तयार आहेत, यावर पुराचे माप ठरते.

राज्याच्या मधोमध सुमारे ७०० किलोमीटर लांबीचे एक सपाट खोरे आहे. त्या हिवाळ्यात त्यातला सुमारे ४८० किलोमीटर लांब आणि सरासरी ३० किलोमीटर रुंद असा भाग म्हणजे एकच सरोवर झाला. विल्यम ब्रूअर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा राज्याच्या भूगर्भ पाहणीत नोकरीला होते. त्यांनी आपल्या भावाला लिहिलेली पत्रे पुढे १९३० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, आणि आज या पुराचे ते एक मुख्य साधन मानले जाते. तारायंत्राचे खांब बुडाले होते, आगबोटी शेतांवरून जात होत्या, त्या अफाट पट्ट्यातले जवळपास प्रत्येक घर गेले होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेचे दोन किनारे जोडणारी तार जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १८६१ मध्ये सुरू झाली होती, ती बंद पडली. सुमारे दोन लक्ष गुरे मेली. राज्याच्या करपात्र मालमत्तेपैकी अंदाजे चौथा हिस्सा नष्ट झाला. तिजोरीत खडखडाट झाला आणि खुद्द ब्रूअर यांचा पगारही कित्येक महिने थकला. नदीकाठी झोपड्या घालून राहणारे चिनी मजूर मोठ्या संख्येने बुडाले. त्यांचा उल्लेख त्या वेळच्या बातम्यांत घोळक्याने येतो, नावाने येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हा पूर कोणालाच अपेक्षित नव्हता काय?

नेवाडा सिटी या डोंगरातल्या गावच्या वर्तमानपत्राने जानेवारी १८६२ मध्ये एक बातमी दिली होती. मेरीजव्हिलजवळचे आदिवासी आठवड्यापूर्वीच आपली वस्ती सोडून टेकड्यांकडे निघून गेले आहेत, आणि जाताना त्यांनी गोऱ्यांना झाडांवर व घरांवर उंच खुणा दाखवून पाणी कुठवर येईल ते सांगितले आहे, असा तिचा आशय. आपण आल्यापासून पाहिले त्याहून पंधरा-वीस फूट अधिक पाणी या खोऱ्यात कधीकधी चढते, अशी त्यांच्यात परंपरागत आठवण आहे, हेही त्या पत्राने नोंदले. म्हणजे माहिती होती, ती दिलीही गेली होती आणि ती छापूनही आली. छापणाऱ्यांना ती नवलाची गोष्ट वाटली, उपयोगाची वाटली नाही.

स्पॅनिश भाषिकांकडेही थोडी आठवण होती. १७७१ मध्ये स्थापलेले सान गाब्रिएलचे मिशन पुरामुळे काही वर्षांतच दुसऱ्या जागी हलवावे लागले. लॉस एंजेलिसचा चौक १८१५ च्या पुरानंतर उंचावर नेण्यात आला. १८२५ च्या पुरात तर लॉस एंजेलिस नदीने आपले मुखच बदलले. आधी ती पश्चिमेकडे समुद्राला मिळत असे, ती दक्षिणेकडे सान पेद्रोला मिळू लागली. या सगळ्याच्या आठवणी आणि कागद स्पॅनिशमध्ये होते. १८४९ च्या राज्यघटनेने कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले होते. १८७९ च्या नव्या घटनेने ते काढून टाकले. आणि या दोन घटनांच्या मध्येच कुठेतरी स्पॅनिश भाषिकांचे म्हणणे ऐकून घेण्याची सवयही गेली.

सॅक्रामेंटोच्या पुराबद्दल पुष्कळ लिहिले गेले. दक्षिणेकडच्या एका लहानशा गावाबद्दल फार थोडे. सांता आना नदीच्या काठी, आजच्या कोल्टन शहराजवळ, न्यू मेक्सिकोतून आलेल्या स्पॅनिश भाषिक कुटुंबांनी १८४० च्या दशकात हे गाव वसवले. लोरेन्सो त्रुहियो हा त्यांचा पुढारी. हुआन बांदिनी या जमीनदाराने त्यांना जमीन दिली, ती त्याच्या गुराढोरांचे लुटारूंपासून रक्षण करण्याच्या बोलीवर. नदीच्या पाटावर द्राक्षे, फळझाडे, धान्य पिकू लागले. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची घरे उभी राहिली. गावाचे नाव त्यांनी ठेवले अग्वा मान्सा. अग्वा म्हणजे पाणी आणि मान्सा म्हणजे शांत, सौम्य. नदी तशीच दिसत होती. तिच्या पलीकडे त्यांचीच ला प्लासिता ही दुसरी वस्ती होती.

२२ जानेवारी १८६२ च्या रात्री सांता आना फुगली. पुढे तज्ज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार नदीचा प्रवाह सेकंदाला सुमारे ३,२०,००० घनफुटांवर गेला होता. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडून आधी आलमट्टीच्या विसर्गाचा आकडा पाहणाऱ्या आपल्या वाचकांना तीन लक्ष वीस हजार क्युसेक्स म्हणजे काय ते समजावून द्यायला नको. आणि आपली कृष्णा महाबळेश्वराहून केवढा पल्ला मारून आलमट्टीला पोचते! सांता आनाची सारी लांबी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरची. गावातल्या देवळाची घंटा वाजू लागली. सान साल्वादोरचे ते चर्च जरा उंचवट्यावर होते. लोक पोराबाळांना उचलून तिकडे धावले. कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात विरघळून गेल्या. सकाळी उभे राहिले होते ते चर्च आणि त्याच्याजवळचे एका दुकानदाराचे घर. शेतांवर वाळू आणि गोटे पसरले होते. गाव गेले, पण माणूस एकही गेला नाही.

या शेवटच्या वाक्याशी मी नेहमी थांबतो. राजधानीजवळ बांध होते, तार होती, आगबोटी होत्या. अग्वा मान्साकडे एक घंटा होती, उंचावरची एक इमारत होती आणि घंटेचा अर्थ सर्वांना एकच लागत होता. कितीही साधा असला तरी इशारा सर्वांना कळणाऱ्या खुणेत दिला गेला, तर तो पोचतो.

पुढची कथा मात्र सुखाची नाही. सॅक्रामेंटोने पैसा उभा केला आणि रस्ते दहा ते पंधरा फूट उचलून घेतले. हे काम दहा वर्षांच्या आसपास चालले. जुने तळमजले तळघरे झाले, आणि आज प्रवाशांना ती जमिनीखालची पदपथांची रांग तिकीट काढून दाखवतात. अग्वा मान्साकडे उचलायला काही उरले नव्हते. लोकांनी पुन्हा घरे बांधली, पण जमीन पूर्वीची राहिली नाही. हळूहळू तरुण माणसे आसपासच्या गावांत पांगली. आज तिथे दफनभूमी आहे, तेवढीच.

बड्या जमीनदारांचीही गत निराळी झाली नाही. १८५१ च्या कायद्याने स्पॅनिश आणि मेक्सिकन काळातल्या प्रत्येक इनामदाराला आपला हक्क नव्या सरकारपुढे सिद्ध करायला लावले होते. एका दाव्याचा निकाल लागून सनद हातात पडायला सरासरी सतरा वर्षे लागत. वकील इंग्रजी, न्यायालय इंग्रजी, कागद स्पॅनिश. खर्चासाठी चढ्या व्याजाने कर्जे निघाली. त्यात १८६२ चा पूर आला, आणि पुराच्या पाठोपाठ लागोपाठ दोन कोरडे हिवाळे. बुडून वाचलेली गुरे तहानेने मेली. लॉस एंजेलिस परगण्यातल्या गुरांची संख्या दहा वर्षांत निम्म्याहूनही खाली आली. रांचो विकले गेले, वाटले गेले. त्या वर्गाच्या हातून जमीन गेली ती कायद्याने आणि आभाळाने मिळून. एकट्या पुराला किंवा एकट्या कायद्याला दोष देऊन हा इतिहास पुरा होत नाही.

स्मरण पुसले तरी पाणी आपली वाट विसरत नाही, याचा पुरावा त्याच खोऱ्याच्या दक्षिण टोकाला आहे. तिथे तुलारे नावाचे सरोवर होते. तुलारे म्हणजे लव्हाळ्यांचे रान. भर भरतीत त्याचा विस्तार सुमारे १,८०० चौरस किलोमीटरपर्यंत जाई. काठावरचे ताची योकुट आदिवासी त्याला 'पाआशी' म्हणत, आणि लव्हाळ्यांच्या मोळ्या बांधून केलेल्या होड्यांतून त्यात मासे मारीत. नद्या वळवून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आटवण्यात आले आणि तळावर कापूस, गहू, टोमॅटो यांची शेते झाली. नकाशावरून सरोवर गेले. पण १९३८, १९६९, १९८३, १९९७ या ओल्या वर्षांत ते परत येत राहिले.

२०२० ते २०२२ ही तीन वर्षे कॅलिफोर्नियाच्या नोंदीतली सर्वांत कोरडी तीन वर्षे. हिरवळीला पाणी घालू नका, असे सांगण्याची वेळ आली होती. आणि मग डिसेंबर २०२२ च्या अखेरीपासून जानेवारी २०२३ च्या मध्यापर्यंत, तीन आठवड्यांत नऊ वातावरणीय नद्या किनाऱ्यावर आल्या. मार्चमध्ये आणखी आल्या. उन्हाळा लागेतो तुलारे पुन्हा भरले होते, जवळजवळ १ लक्ष २० हजार एकरांवर. शेतकऱ्यांवर मोठा घाला पडला. ताची योकुटांनी मात्र काठावर जमून आपल्या पाआशीचे विधिपूर्वक स्वागत केले. एकाच पाण्याला दोन लोकसमूह दोन नावांनी ओळखत होते, आणि एकाला आपत्ती वाटलेली गोष्ट दुसऱ्याला माहेरवाशिणीसारखी वाटली.

त्याच मार्चमध्ये पाहारो नावाचे गाव बुडाले. पाहारो म्हणजे पक्षी. वस्ती स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत राबणाऱ्या स्पॅनिश भाषिक मजुरांची, त्यांत मिश्तेकसारख्या मेक्सिकोतल्या आदिवासी भाषा बोलणारेही पुष्कळ. तिथला नदीचा बांध १९४९ चा. तो १९५५ मध्ये आणि १९९५ मध्ये फुटला होता, आणि तो कच्चा आहे हे सरकारी अभियंत्यांना १९६० च्या दशकापासून ठाऊक होते. पण बांध मजबूत करायला येणारा खर्च आणि त्यामुळे वाचणाऱ्या मालमत्तेची किंमत यांचा हिशेब जमत नव्हता. गरिबांची घरे स्वस्त, म्हणून ती वाचवण्यातला 'लाभ' कमी, असा तो हिशेब. ११ मार्च २०२३ च्या मध्यरात्री बांध फुटला. अग्वा मान्सापासून पाहारोपर्यंत एकशे एकसष्ट वर्षे झाली, आणि सखल जागेत कोण राहते, या प्रश्नाचे उत्तर तेवढे बदलले नाही.

शास्त्रज्ञ आता समुद्रतळाचा गाळ तपासून सांगतात, की १८६२ सारखे महापूर तिथे अंदाजे दोनशे वर्षांनी एकदा येत आलेले आहेत. म्हणजे आदिवासींच्या आठवणीला गाळानेही दुजोरा दिला. हुआंग आणि स्वेन या दोघांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापलेल्या हवेमुळे अशा प्रलयाची शक्यता आजच दुपटीवर गेली आहे.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांचा संबंध तर उघड आहे. घर घेताना शाळा, बाजार आणि कचेरीचे अंतर पाहतात, तसा जागेचा जुना नकाशाही पाहावा. पण संबंध तेवढाच नाही. आमच्या भागातले जुने कागद मोडीत आहेत, नंतरचे कानडीत, आणि मुले शिकतात ती इंग्रजीत. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा-घटप्रभेने जे केले ते आपण सर्वांनी पाहिले. त्यानंतर मी वरच्या वर्गातल्या मुलांना एक काम दिले. आपल्या घरातल्या आणि शेजारच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, की पाणी कधी आणि कुठवर आले होते, आणि ते त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत लिहून आणायचे. वह्या मराठीत आल्या, कानडीत आल्या, काही दोन्हींची सरमिसळ होऊन आल्या. कुठे 'मारुतीच्या पायरीला लागले होते' असे होते, कुठे चिंचेच्या फांदीची खूण होती. मोजमाप म्हणून त्यांना किंमत किती, हे इंजिनिअर ठरवतील. मी त्या वह्या शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. दर वर्षी नव्या वर्गाने त्यात भर घालायची, आणि एका भाषेतली नोंद दुसऱ्या भाषेत उतरवून समोरासमोर ठेवायची, असा क्रम चालू आहे.

मेरीजव्हिलच्या झाडांवर दाखवलेल्या खुणा कोणी अशाच लिहून घेतल्या असत्या, आणि ऐकणाऱ्याने त्या वाचल्या असत्या, तर पाणी थांबले नसते. माणसे मात्र थोडी वर जाऊन राहिली असती.